शंभराचे शंभर

किराणा दुकान बंद केल्यावरही फळीखाली चिल्लरचे तीन डबे तसेच पडून होते. आता लहान पोरंसुद्धा फोन दाखवून बिस्किटाचा पुडा घेतात, त्यामुळे ते डबे कुणाच्याच कामाचे नव्हते. शेवटी मी ते उचलून बँकेत नेले. खिडकीतल्या मुलीनं अदबीनं सांगितलं की आजोबा, शंभर-शंभर नाण्यांच्या थैल्या करून आणा, आणि बाजाराचा दिवस सोडून या. बाहेर आलो तर शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सोपा मार्ग सुचवला. शंभराची चिल्लर द्या, नव्वदच्या नोटा घ्या. वरचे दहा त्याच्या मोजण्याच्या मेहनतीचे. माझेच पैसे, आणि मलाच कमी! डबे पिशवीत घालून मी परत निघालो आणि वाटभर त्याला मनातल्या मनात चोर म्हणत राहिलो. फाटकाची कडी काढताना लक्षात आलं की हा भाव आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तेव्हा फक्त तराजू दुसरीकडे झुकलेला होता, आणि चोर मी होतो.

बोरी अरबला बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्याकडे एक गंमत असायची. कापसाचा भाव पडला की चिल्लरचा चढायचा. कापूस बरा विकला गेला तर माणूस किलोनं साखर नेतो आणि नोट टाकतो. कापूस बसला की तोच माणूस दोन रुपयांचं तेल, रुपयाची चहापुडी असं नेऊ लागतो. दिवसभर रुपया-दोन रुपयांचीच देवघेव, आणि तेवढे रुपये आणायचे कुठून? मग यवतमाळचा ठोक व्यापारी आम्हा दुकानदारांकडून चिल्लर चढ्या भावानं घेई आणि अडलेल्यांना आणखी चढवून विकी. नव्वदची चिल्लर नेली की बिलातले शंभर वळते करी. कापसाचा भाव सगळं गाव विचारत असे. हा भाव कोणी सांगत नसे. तो दुकानदारांना ठाऊक असे, आणि दुकानदार तो घरी बायकोलाही सांगत नसत.

गिऱ्हाइकाला मी सुट्ट्यांच्या जागी चॉकलेट द्यायचो. म्हणायचो, चिल्लर कुठाय बापा. चिल्लर मागच्या खोलीत असायची.

माझ्या या चॉकलेटांवर गावात एकाच माणसानं उपाय काढला. स्टँडसमोर कडुनिंबाखाली पंक्चर काढणारा एक मिस्त्री बसायचा. माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ. एकदा त्यानं चहापुडी घेतली आणि पैशांऐवजी मूठभर चॉकलेटं काउंटरवर ठेवली. "तुमचंच चलन हाय सेठ. चालत नसन त तसं सांगा." दुकानातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मला चहापुडी द्यावी लागली.

त्याचं दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी, पाण्याचं घमेलं आणि एक पंप. सायकलमध्ये हवा भरायचा एक रुपया. त्या काळात आमच्या भागात सगळ्याचा तोटा होता, पण पाहणीला येणाऱ्या जीपगाड्यांचा नव्हता. आमची दैना पाहायला माणसं लांबून येत, आणि आमच्या रस्त्यांवर त्यांची चाकं बसत. पंक्चर मिस्त्री काढी, पण जीपचं चाक पंपानं भरता भरता त्याचा श्वास कोंडे आणि साहेब घड्याळाकडे पाहू लागे. पुढच्या वेळी ड्रायव्हर सरळ दारव्ह्याला जाऊन हवा भरायचे. मिस्त्रीला कंप्रेसर हवा होता. तो घेतला की स्टँडवर येणारं एकही चाक त्याच्या हातून सुटणार नव्हतं.

पण त्याची एक अट होती. यंत्र घ्यायचं ते स्वतःच्या पैशानं. पतसंस्थेचं कर्ज नको, सावकाराचं नको, सासऱ्याचं तर नकोच. गावातली अर्धी घरं देण्याखाली वाकलेली तो रोज पाहत होता. तो म्हणायचा, "उद्या कोणी म्हनू नये का हे मशीन म्या घेऊन देल्लं. माया दुकानावर मी कोनाले सलाम ठोकत नाई." म्हणून हवेचा एकेक रुपया तो पंक्चरच्या सोल्युशनच्या रिकाम्या डब्यांत टाकत गेला.

मग यवतमाळशेजारी लोहाऱ्याला एक छोटा कारखाना बंद पडला. तिथला जुना पण चालू कंप्रेसर नऊ हजारांत मिळत होता. मालकानं शनिवारपर्यंत मुदत दिली. नंतर तो भंगारवाल्याला देणार होता.

मिस्त्रीनं डबे बाहेर काढले आणि अडकला. नाण्यांचं पोतं घेऊन कोणी कारखान्यात जात नाही. बँकेत त्याचं खातं नव्हतं, आणि नसलेल्या खात्याची चिल्लर कॅशियर मोजायला तयार नव्हता. मागं एकदा त्यानं दारव्ह्याच्या एका दुकानात थोडी नाणी दिली होती, तेव्हा त्या माणसानं शेकडा पाच रुपये 'मोजाई' म्हणून कापून घेतले होते. ते पाच रुपये मिस्त्रीच्या इतके जिव्हारी लागले होते की चिल्लर म्हटलं की काहीतरी कापलंच जातं, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. चिल्लरवर कोणी वरून देतं, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो आपलं पुढचं दार धरून उभा होता. मी मागच्या दारानं आलो.

तो माझ्याकडे आला तेव्हा मीच म्हणालो, आण इकडे, मी घेतो. मागच्या खोलीत पोतं अंथरून आम्ही दुपारभर बसलो. नाण्यांना रबराचा आणि ग्रीसचा वास होता. मी सुचवलं की शंभर नाणी एका पारड्यात ठेवू आणि बाकीची तोलून काढू, लवकर होईल. तो म्हणाला, "किरानावाल्याच्या तराजूवर मी माया बापालेबी चढू देनार नाई." मग हातानंच मोजली. आठ हजार दोनशे भरली.

मोजून झाल्यावर त्यानं हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"सेठ, खरं सांगा. याच्यात तुमाले काई सुटते का?"

"मले कायचं सुटते? तुले नोटा पाह्यजे, मले चिल्लर पाह्यजे. शंभराचे शंभर."

"कापनार नाई काई?"

"एक पैसा नाही."

हे खरं होतं. मी एक पैसा कापला नाही. मी आजवर जी खोटी वाक्यं बोललो त्यांतलं हे सगळ्यांत खरं. त्या दिवशीच्या भावानं त्या नाण्यांचे नऊ हजार शंभर होत होते. हा हिशेब मी पोत्यावर बसल्या बसल्याच केला होता. त्याचा कंप्रेसर त्याच्या डब्यांत पुरता भरलेला होता, वर शंभर रुपये यवतमाळच्या भाड्यालाही उरत होते. मी त्याला आठ हजार दोनशेच्या नोटा दिल्या.

नोटा त्यानं पुन्हा मोजल्या. आठशे कमी पडत होते आणि शनिवार परवावर आला होता. तेव्हा मी गल्ल्यातून आणखी आठशे काढले आणि म्हणालो, हे घे, सवडीनं दे, व्याज नको. तो नको म्हणाला. मी म्हणालो, भंगारवाला थांबणार नाही. तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दारापर्यंत गेला. शेवटी घेतले. घेताना त्यानं मान खाली घातली होती. त्या माणसाची खाली घातलेली मान मी पहिल्यांदाच पाहिली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चॉकलेटांचा हिशेब मिटल्यासारखं वाटलं.

म्हणजे मी त्याचेच नऊशे ठेवून घेतले आणि त्यांतले आठशे त्यालाच उसने दिले. हिवाळाभर तो दर बाजाराला हवेचे रुपये आणून मला फेडत होता. ती चिल्लरही मी यवतमाळला नेली. तिच्यावरही वरचे सुटले.

कंप्रेसर आला आणि माझं नाव झालं. मिस्त्री स्वतःच सगळ्यांना सांगायचा की सेठनं एक पैसा कापला नाही, वरून आठशे दिले, बिनव्याजी. त्या दिवसांत गावात बिनव्याजी हा शब्द कोणाच्या कानावर पडत नव्हता, त्यामुळे तो फार लांबवर गेला. शाळेच्या झेंडावंदनाला मला खुर्ची मिळू लागली. एका मास्तरांनी भाषणात माझा दाखला दिला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. ईदला मिस्त्रीच्या घरून शिरखुर्म्याचा पहिला डबा माझ्याकडे येई. मी तो खात असे. चांगला असायचा.

इथपर्यंत एखादा म्हणेल की नऊशेची गोष्ट, सोडून द्या. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो. पण पुढं स्टँडसमोरचा रस्ता रुंद झाला आणि कडेच्या दुकानांच्या जागा नव्यानं ठरल्या. कोपऱ्यावरची जागा मिस्त्रीची होती. तीच माझ्या पुतण्याला मोबाईलच्या दुकानासाठी हवी होती. मी मिस्त्रीला एक शब्द बोललो नाही. गरजच पडली नाही. गाव बोललं. ज्यानं तुला उभं केलं त्याच्या घरच्या पोराला आडवा जातो का, असं चार जणांनी त्याला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं कंप्रेसर हातगाडीवर घालून मागच्या नाल्याकडे नेला. गाडी ढकलायला मीही हात लावला. लोकांनी तेही कौतुकानं पाहिलं. तिथं रस्त्यावरून दुकान दिसत नाही, त्यामुळे जीपगाड्या पुन्हा दारव्ह्याला जाऊ लागल्या.

झेरॉक्सवाल्याच्या त्या नव्वदनंतर दोन दिवस मी नऊशेचं व्याज मांडत बसलो. तिसऱ्या दिवशी मी पाकिटात पैसे घालून नाल्याकडे गेलो. मिस्त्री आता थकला आहे, पण रोज दुकानावर बसतो. मी त्याला सगळं सांगितलं, चिल्लरच्या भावासकट. मग मी पाकीट पुढं केलं. नऊशे आणि त्यावरचं इतक्या वर्षांचं व्याज. मला वाटलं होतं की तो हात जोडून म्हणेल, राहू द्या सेठ. त्यानं पाकीट घेतलं, दोनदा मोजलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं.

"हे त माये होते. घेतले. आता बाकीचं सांगा."

"बाकीचं काय?"

"एवढे वर्ष मी तुमचे उपकार मानले. माया पोरीच्या लग्नात तुमाले पुढं बसवलं. जागा सोडली. हे कसं वापस करता?"

मी म्हणालो, तूच सांग. तो म्हणाला, "गावात सांगा. जसं मले सांगतलं तसंच."

मला ते सोपं वाटलं. संध्याकाळी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर दहा-बारा माणसं असतात. मिस्त्रीही येऊन बाकाच्या टोकाला बसला. मी उभा राहिलो आणि सांगितलं. चिल्लरचा भाव सांगितला, नऊशे सांगितले, आठशे सांगितले. माझं संपल्यावर झेंडावंदनाला माझा दाखला देणारे ते मास्तर, जे आता निवृत्त आहेत, डोळे पुसत म्हणाले की याला मोठेपणा म्हणतात, दिलेल्याचं श्रेयसुद्धा हा माणूस ठेवून घेत नाही. दुसरा म्हणाला, तेव्हा सगळेच दुकानदार वरचं घेत, त्यात चोरी कसली, उलट यांनी मिस्त्रीला आठशे तरी दिले. तिसऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं की तब्येत ठीक आहे ना, गोळ्या वेळेवर घेता ना. चहावाल्यानं माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

मिस्त्री इतका हसला की त्याला खोकला लागला. माझ्यासोबत घरापर्यंत चालत आला आणि वाटेत मध्येच थांबून पुन्हा हसायचा.

"सेठ, तुमी पडले तरी वरतेच पडता."

"मग मी करू तरी काय?"

"लिवून काढा. बोललं का लोक तोंड पाह्यते. लिवलं त आकडे पाह्यतीन."

म्हणून लिहितो आहे. मिस्त्रीनं मला आठ हजार दोनशेची चिल्लर दिली. त्या दिवशी तिला नऊ हजार शंभर मिळत होते आणि मला ते माहीत होतं. कंप्रेसर नऊ हजारांचा होता. मी त्याला कधी एक रुपयाही उसना दिलेला नाही. तो हिवाळाभर जे फेडत होता ते देणं त्याच्यावर नव्हतंच. ते यंत्र पहिल्या दिवसापासून त्याच्या एकट्याच्या पैशांचं होतं, आणि ते घेताना त्याला कोणापुढं मान खाली घालायचं कारण नव्हतं.

हे शेवटचं आकड्यांचं पुतण्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, काका, बाकी काय लिहायचं ते लिहा, पण जागेचा विषय काढू नका. तिथं आता पक्कं बांधकाम झालं आहे. मी त्याला सांगितलं की ते तर आधीच लिहून झालं. चार दिवस झाले, तो माझ्याशी बोलत नाही. कोपऱ्याची ती जागा मिस्त्रीची आहे.