उघाडीवरचा तळवा

पळायला सुरुवात करण्याआधी देवजी तांडेल रोज उघाडीच्या फळीवर हाताचा ओला तळवा टेकवायचा. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात बसवलेलं लाकडी दार. तिथून सारसोळ्याच्या बांधावरून टोकाच्या देवळापर्यंत जायचं आणि परत यायचं, ही एक फेरी. परत येईपर्यंत फळीवर तळव्याची ओल उरलेली असली की त्याला बरं वाटे. पळायचा तो अनवाणीच.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यानं १९७३ साली त्याला नोकरीवर घेतलं ते पळण्यासाठीच. तिथले ट्रेनर बाजीराव लष्करातून आलेले. त्यांनी सायकल फिरवून बांध मोजला. फेरी बरोबर दोन किलोमीटरची निघाली. पाच फेऱ्या देवजी एकतीस मिनिटांत मारायचा.

पुढची सहा वर्षं तो कंपनीचा बनियन घालून गावोगाव पळला. नडगी दुखू लागली तेव्हा पट्टी बांधून पळला. अखेर पुण्याच्या एका शर्यतीत, बाकीचे सुटल्यावर, तो रेषेवरच खाली बसला. त्या दिवशी काही दुखत नव्हतं. उठावंसंच वाटेना.

बिनपगारी रजा टाकून वर्षभर तो एकटाच उरणला बहिणीकडे जाळी शिवत राहिला. परतला तेव्हा बाजीराव म्हणाले, "दहा किलोमीटरच्या चाचणीत बत्तीस मिनिटांच्या आत ये, देवजी. नाहीतर पॅकिंगला जा. आणि मग मला भेटायला येऊ नकोस, मलाच लाज वाटंल."

तो पुन्हा बांधावर उतरला. बायको, पुतळा, बक्षिसातलं घड्याळ घेऊन उघाडीवर बसायची, मांडीवर कोलंबी सोलत. पहिल्या महिन्यात पस्तीस, मग तेहेतीस. माघात एके सकाळी ती म्हणाली, "एकतीस नि वर वीस सेकंद. म्हातारा झाला म्हनत होतं ना तुमचं सायब? त्यांनाच पलवा आता."

फळीवर ओल होती. देवजी कितीतरी दिवसांनी हसला.

चाचणी मुंबईच्या मैदानावर होती, पंचवीस चकरा, म्हणजे तेच दहा किलोमीटर. तो बांधावर पळायचा तसाच पळला, श्वास तोच, पाय तेच. बाजीरावांनी घड्याळ दाखवलं. चौतीस मिनिटं पन्नास सेकंद.

"वाटेत च्या पिऊन आलास का रं?" बाजीराव म्हणाले. मग त्यांनीच मान फिरवली.

घरी आल्यावर देवजी म्हणाला, "सायबाचं घड्याल बिघडलंय. बांधावर एकतीस होतात, तितं कशी नाय?"

"बांध तरी कुटं त्यो राहिलाय," पुतळा भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमी उरनला होता तवा उधानानं खांड पडली. मंग गावानं आत वडून नवा घातला. सरल. मी सोता चिखल वाहिलाय."

"मना सांगितलं का नाय?"

"बांध हलतोच. त्यात काय सांगायचं?"

त्यात खरंच सांगण्यासारखं काही नव्हतं. बांध फुटला की गाव तो आत घेई, आणि तो बांधच राहत असे. मधला वाक गेल्याचं देवजीनंही पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पण बांधावर वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटलं नाही. जाताना शंभर मीटर कमी झाले होते, येताना शंभर, फेरीत दोनशे. परतल्यापासून पाच फेऱ्यांत तो धावत होता ते दहा नव्हे, नऊ किलोमीटर.

पुतळाच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

फळीवर त्यानं पुन्हा तळवा टेकवला नाही. पॅकिंगच्या पाळीला जाताना रोज त्याच बांधावरून तो चालत जाई, कडेकडेनं, खाली बघत. पायांच्या तळव्यांची कातडी हळूहळू मऊ पडली. बाजीराव निवृत्त होऊन गावी गेले. तो त्यांना भेटायला गेला नाही.

१९८७च्या डिसेंबरात, जेवणाच्या सुट्टीआधी, खोक्यांच्या टेबलापाशी त्याचं हृदय बंद पडलं. त्या सकाळी निघताना तो दारात थांबून पुतळाला म्हणाला होता, "माज्या चपला कुटं ठेवल्यास? बांधावर जाम काटं झालेत."