बाबांनी भरलेली हवा

माझ्या वडिलांनी तीस वर्षं कुंभार्ली घाटातून एसटी चालवली, आणि निवृत्त झाल्यापासून दुसऱ्या कुणाच्याही गाडीत ते कधी सुखाने बसलेले नाहीत. टॅक्सीवाला असो, जावई असो की माझा भाऊ, बाबांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या जागेत ब्रेक दाबत असतो. डुलकी तर त्यांना माहीतच नाही. ड्रायव्हरच्या बाजूला बसलेल्याने झोपायचं नसतं, हा त्यांचा नियम. लहानपणापासून मी त्या नियमाचा अर्थ एवढाच लावला होता की चालवणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात ते दीड महिना आमच्याकडे आखातात, अजमानला राहायला आले होते. जावई गाडी काढणार असला की बाबा पुढे बसत. मी काढणार असले की न बोलता मागचं दार उघडत. "नात एकटी पडते," हे कारण. नात पंधरा वर्षांची, कानात इअरफोन, तिला एकटं पडण्यापलीकडे काही नको असतं. पण मी काही बोलले नाही. न बोलता धुमसत राहणं हा आमच्या घराण्याचा गुण आहे आणि तो माझ्यात पुरेपूर उतरला आहे.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा बाबांनी भावाला गावच्या शाळेच्या मैदानावर जीप शिकवली. मी म्हटलं, मलाही शिकवा. ते म्हणाले, "तुला काय करायचंय?" चिडून नाही, सहज म्हणाले. तेच लागलं. पुढे लग्न झालं, इथे आले, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात नोकरी लागली आणि गाडी शिकले. इथलं लायसन म्हणजे काय ते ज्याने काढलंय त्यालाच कळेल. मी सहाव्या परीक्षेत पास झाले. बाबांना फोनवर सांगितलं, दुसऱ्या. मग हट्टाने डोंगर चढणारी जुनी फोर बाय फोर गाडी घेतली आणि गेली सहा वर्षं हिवाळ्यातल्या रविवारी मी डोंगरात असते.

म्हणून बाबा गुरुवारी परत जाणार होते त्याच्या आधीच्या शनिवारी मी सरळ सांगितलं, "बाबा, उद्या डोंगरात जायचं. तुम्ही पुढे बसायचं. आणि पाय शांत ठेवायचा." त्यांनी एकदा त्यांच्या नातीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "बरं."

मला काय हवं होतं ते लपवण्यात अर्थ नाही. माझ्या बापाने मला एकदा, पूर्ण चढ आणि पूर्ण उतार, गाडी चालवताना बघावं, एवढंच हवं होतं. आणि नेमकी तीच वाट दाखवायची होती. रास अल खैमाच्या मागच्या डोंगरातली ही वाट दर वर्षी थोडी थोडी मरते आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा साधी मोटारसुद्धा अर्ध्यापर्यंत चढायची. मग दोन मोठे पाऊस झाले, वरून लोंढे आले आणि रस्त्याचे लचके तोडून खाली वाडीत घेऊन गेले. वाडी म्हणजे आपली नारळी-पोफळीची वाडी नव्हे, इथे कोरड्या नदीला वाडी म्हणतात. आता काही ठिकाणी जुन्या डांबराचा पापुद्रा हवेत लटकतो आणि खाली काही नसतं. पुढच्या पावसानंतर वाट उरेल की नाही हे कुणीच छातीठोक सांगत नाही.

पहाटे निघालो. थर्मासमध्ये चहा, डब्यात घावन, मागच्या सीटवर मुलगी, बाबांच्या मांडीवर त्यांची टोपी. इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे शेजारी बसणारा माणूस उजवीकडे येतो, म्हणजे तीस वर्षं ज्या बाजूला बसले त्याच बाजूला बाबा बसले होते. फक्त हातात काही नव्हतं. हायवेला लागलो आणि उजवा पाय सुरू झाला. मी खाकरले. पाय मागे गेला. दहा मिनिटांनी परत पुढे आला.

डोंगराच्या पायथ्याशी आमच्या पाच गाड्या जमल्या. आमचा म्होरक्या मूळचा श्रीवर्धनचा, अजमानमध्ये स्पेअर पार्टचं दुकान, सगळे त्याला कप्तान म्हणतात. बाबा कुठले ते कळल्यावर त्याने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "काका, घाटातला एसटीवाला म्हणजे आमचा उस्ताद. आज तुम्ही बघा, आम्ही चालवतो." बाबा एवढे खूश झालेले मी दीड महिन्यात पाहिले नव्हते. मला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं.

मग सगळ्यांनी चाकांतली हवा काढली. दगडगोट्यांवर चाक थोडं मऊ लागतं, पसरून दगडाला धरतं, म्हणून पस्तीसची हवा वीसवर आणायची. आमचं हे नेहमीचं काम. मी चारही चाकं करून कप्तानकडे गेले, कारण निघण्याआधी तो सगळ्या ड्रायव्हरना वळणाच्या पलीकडे नेऊन पुढची वाट दाखवतो आणि सूचना देतो. तिकडे आम्ही दहाएक मिनिटं होतो. त्याच्या सतरा वर्षं जुन्या जीपचं इंजिन चालूच होतं, आणि त्या धडधडीपुढे दुसरं काही ऐकू येत नाही.

चढ सुरू झाला. पहिला टप्पा मला तोंडपाठ आहे. वाडीच्या तळातून मोठमोठ्या गोट्यांवरून जायचं, मग एक डबकं, मग एकदम डावीकडे अंगावर येणारी भिंत आणि तिला खेटून वर. गाडी डुलत होती, खालून दगड खडखडत होते, डबे मागे आपटत होते आणि माझं काळीज आनंदाने नुसतं उड्या मारत होतं. हा आनंद मी ऑफिसात कुणाला सांगू शकत नाही. चाकाखाली काय आहे ते बुडाखाली कळतं, हाताला कळतं, आणि डोक्यातली सगळी ईमेलं पुसली जातात.

"वळणावर हॉर्न दे," बाबा म्हणाले.

"इथे कुणी नसतं, बाबा."

"कुणी नसतं असं वाटतं, तिथेच कुणीतरी असतं. दे."

मी दिला. पुढच्या वळणावर परत. दोन शेळ्यांनी कड्यावरून आमच्याकडे तुच्छतेने पाहिलं. मागून आवाज आला, "आजोबा, सीरियसली?" आजोबा म्हणाले, "सीरियसली."

वर जाता जाता पडकी दगडी घरं लागली, वाळलेली खजुरीची झाडं लागली, आणि मग आमचा ग्रुप ज्याला जिना म्हणतो तो चढ आला. तिथे रस्त्याचा अर्धा भाग गेलाय. उरलेल्या अर्ध्यात दगडांच्या पायऱ्या झाल्यात, त्यावर सुटी खडी, आणि उजवीकडे दरी. बाबांच्या बाजूला. कप्तान वर चढून गेला, गाडी लावून उतरला आणि पायऱ्यांच्या डोक्यावर उभा राहून मला हाताने खुणा करू लागला. वॉकीटॉकीवर म्हणाला, "मॅडम, लेफ्ट ठेवा. फोर लो. रुकना नहीं. यल्ला, चला."

चारही चाकांना जोर देणारा फोर लो गिअर टाकून मी निघाले. पहिली पायरी, दुसरी पायरी. तिसरीवर मागचं चाक घसरलं आणि जागच्या जागी फिरायला लागलं. खडी मागे उडाली. गाडी एक वीत मागे आणि दोन वीत दरीकडे सरकली. मी ब्रेकवर उभी राहिले. हा चढ मी आठ वेळा केला होता, एकदाही असं झालं नव्हतं. मागून मुलीने इअरफोन काढले.

बाबा उतरले. उतरताना दार इतकं हळू लावलं की मला कळलंही नाही. आरशात दिसलं, एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मागच्या चाकाखाली लावला, मग दुसऱ्या चाकाखाली. वय चौऱ्याहत्तर. गाडीच्या अंगावर एक थाप मारली. एक थाप म्हणजे थांब. कंडक्टरची एक घंटा. लहानपणी आम्ही भावंडं ओसरीवर पाटांची एसटी करायचो, तेव्हा हेच शिकलो होतो: एक थांब, दोन चल.

कप्तान खाली आला. मागची चाकं बघून त्याने अंगठ्याने टायर दाबलं, खिशातला हवा मोजायचा गेज लावला. माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मागे पस्तीस आहे. हवा काढलीच नाही?"

"काढली. मी स्वतः काढली."

बाबा हात झटकत उभे होते. "मी भरली," ते म्हणाले.

मग त्यांनीच पुढे सांगितलं. मी सूचना ऐकायला गेले तेव्हा ते सवयीने गाडीभोवती फिरले, चाकं ठोकून बघितली. बद्द वाजली. चारही चाकांची हवा गेलेली आणि पोर तशीच घाट चढणार. त्यांनी बॉनेट उघडलं, माझा पंप मी बॅटरीला कसा लावते ते त्यांनी घरी पाहिलेलं होतं, तसा लावला आणि मागची दोन चाकं भरली. पुढची भरणार तेवढ्यात आम्ही परत आलो. "तू घाईघाईत विसरलीस असं वाटलं. लोकांसमोर तुला कशाला सांगू?"

नात म्हणाली, "मी विचारलं होतं, व्हॉट आर यू डूइंग. आजोबा सेड, पाणी बघतोय."

मला संताप आला, आणि तो टिकलाही नाही. तीस वर्षं ज्या माणसाने कमी हवेची गाडी डेपोच्या दारातून बाहेर काढली नाही, तो दुसरं काय करणार होता? चूक माझीही होती. पाय शांत ठेवा एवढं सांगितलं, चाक मऊ का करतात ते सांगितलं नाही. मला त्यांनी फक्त बघायला हवं होतं.

कप्तान भला माणूस. त्याने दरीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मी स्टिअरिंग अजून सोडलं नव्हतं. "मॅडम, हवा कमी करतो आणि मी काढून देतो गाडी वर. दो मिनिट. तुम्ही उतरा."

त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. मी सीटबेल्ट सोडायला हात नेला. सगळं इथेच संपलं हे मला कळत होतं. गुरुवारी बाबा जातील, चिपळूणला शेजाऱ्यांना सांगतील की डोंगर मोठा होता, शेवटी त्या भल्या माणसाने गाडी काढून दिली.

"ती का उतरेल?" बाबा म्हणाले. "ड्युटी तिची आहे."

कप्तानने दाराच्या मुठीवरचा हात काढला.

"अर्ध्या घाटात दुसऱ्याच्या हातात गाडी देत नाहीत," बाबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, नियम सांगत होते. मग ते गुडघे टेकून चाकापाशी बसले, खिशातून एक किल्ली काढली आणि "मीच भरलेली, मीच सोडतो" म्हणत तिच्या टोकाने हवेचा वॉल्व्ह दाबून धरला. हवा सूं करत सुटली. बराच वेळ लागला. कप्तान गेज लावून "और थोडा, काका" म्हणत होता आणि बाबा मान डोलावत होते.

दोन्ही चाकं झाल्यावर ते काचेपाशी आले. "खालचं सगळं विसर. वरच्या पायरीकडे बघ. चाक दगडाला धरील तेव्हा कळेल तुला." मग बाजूला सरकले आणि गाडीच्या अंगावर दोन थापा मारल्या.

मी ब्रेक सोडला. गाडी त्यांच्या दगडांवर टेकून राहिली, एक बोटभरही मागे गेली नाही. हळूच ॲक्सिलेटर. चाकांनी खडी चिरडली, दगड शोधला, धरला. तिसरी पायरी, चौथी, आणि मग पुढे फक्त आकाश दिसणारी ती शेवटची. बॉनेट खाली आलं आणि समोर कप्तानची जीप, तिच्यापलीकडे डोंगरामागे डोंगर आणि त्यांच्या फटीतून समुद्राची रेघ. मागे मुलगी मराठीत ओरडली, "आई, केलंस तू!" मराठीत. मी हसत होते आणि हँडब्रेक ओढायचं विसरले होते.

बाबा लगेच वर आले नाहीत. हँडब्रेक ओढून मी उतरले, तर ते चाकांखालचे दोन दगड एकेक करून वाटेच्या कडेला नेऊन टाकत होते. चाकाखालचा दगड तसाच ठेवून जाणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर शिव्या दिल्यात. मागच्या तीन गाड्या ते होईपर्यंत थांबल्या.

वर घावन खाल्लं, चहा प्यायलो. बाबा कप्तानशी घाटांबद्दल बोलत बसले. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. मनात म्हटलं, ड्युटी म्हणाले, तेवढं पुरे.

उतार दुसऱ्या बाजूने होता, लांब आणि सोपा, पण वळणांचा. कप्तान पुढे होता आणि वॉकीटॉकीवर वाट मोकळी आहे म्हणून सांगत होता. ऊन काचेतून मांडीवर येत होतं. मला एकदम सगळं सांगून टाकावंसं वाटलं. रस्त्यावरची नजर न काढता मी म्हटलं, "बाबा, एक सांगायचंय. लायसन मला दुसऱ्यांदा नाही मिळालं. सहाव्यांदा मिळालं."

ते काही बोलले नाहीत. मी वाट पाहिली. मग चोरून एकदा उजवीकडे पाहिलं.

टोपी मांडीवरून खाली घसरली होती. मान काचेला टेकलेली, तोंड जरासं उघडं, आणि उजवा पाय, तो जन्माचा ब्रेक दाबणारा पाय, सरळ पसरून सैल पडलेला. बाबा गाढ झोपले होते. माझे डोळे भरून आले आणि मला समोरचं दिसेना, म्हणून मी ते भराभर पुसले.

पुढे आंधळं वळण आलं. वॉकीटॉकीवर कप्तान म्हणाला, समोर कुणी नाही. मी वॉकीटॉकीचा आवाज अगदी बारीक केला, गाडी हळू केली आणि हॉर्न न देता वळण घेतलं.