रांगोळीने घासलेलं नाणं

दादासाहेबांनी कौतुकाने आपल्या जुन्या नाण्यांचा अल्बम उघडला आणि त्यात मला आमचं नाणं दिसलं. 'नकली आहे' असं सांगून त्यांनी ते माझ्या भोळ्या वडिलांकडून फुकटात नेलं होतं. जिंकलेल्या राजाने त्यावरच्या हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावरच आपला ठसा मारला होता. खालचं नाक तेवढं डोकावायचं. नाणं वितळवलं असतं तर सूड तिथेच संपला असता. त्या राजाला तो हातोहात फिरवायचा होता.

आता ते नाक पार झिजलं होतं.

"रांगोळीने घासलं," दादासाहेब म्हणाले, "कसं लखलखतंय बघ!"

घासलेल्या नाण्याला जाणकार हातही लावत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"सुरेख," मी म्हणालो, "बाकीचीही घासून टाका."