संताचं कुत्र्याचं तोंड

आमच्या ह्यांना वाचनाचं वेड आहे असं लोक म्हणत. कसलं डोंबलाचं वाचन! दुसऱ्याला गप्प करायला दारूगोळा जमवत होते, दुसरं काय. शारजात आम्ही स्थिरावलो तेव्हा ह्यांच्या ऑफिसातला एक गोरा साहेब नोकरी सोडून मायदेशी गेला आणि जाताना युरोपातल्या जुन्या दंतकथांवरची खोकंभर पुस्तकं ह्यांच्या गळ्यात मारून गेला. तेव्हापासून दर शुक्रवारी जेवायला येणाऱ्यांना शिक्षाच. येशूच्या पवित्र प्याल्याच्या मुळाशी जुन्या देवांची कधी न संपणारी कढई आहे, संतांच्या विहिरी आधी जलदेवतांच्या होत्या, कुठलीही ख्रिस्ती गोष्ट सोला, आत आधीचाच देव निघतो. पाहुणे माना डोलवत आणि मटणाच्या भांड्याकडे बघत. आमच्या हॉलमधला गणपती मात्र ह्यांनी कधी सोलायला घेतला नाही.

मी तेव्हा ड्रायव्हिंग टेस्टमध्ये चार वेळा नापास झाले होते. दुबईतल्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनची नोकरी जवळजवळ हातात होती. शारजाहून वेळेवर यायचं तर स्वतः गाडी चालवता आली पाहिजे, महिनाअखेरपर्यंत लायसन्स आणा, तोवर जागा ठेवतो, असं मॅनेजरने सांगितलं होतं. घरात बसून मी इतकी विटले होते की त्या नोकरीसाठी माझा जीव तुटत होता.

समोरच्या फ्लॅटमध्ये वसईची एक ख्रिस्ती नर्स राहायची. पाचव्या टेस्टच्या आधीच्या शुक्रवारी ती जेवायला आली आणि माझ्या हातात नाण्याएवढं पदक ठेवलं. त्यावर काठी टेकत नदी ओलांडणारा एक धिप्पाड संत, खांद्यावर बाळ येशू. प्रवाशांना हा सांभाळतो, पर्समध्ये राहू दे, म्हणाली.

ह्यांनी ते पदक उचललं आणि झाले सुरू. हा संत मुळात राक्षस. जुन्या चित्रांत त्याला चक्क कुत्र्याचं तोंड असतं, आणि ते आलं इजिप्तच्या देवाकडून, मेलेल्यांना वाट दाखवणाऱ्या. ही नदी म्हणजे मरणाची नदी. गोष्टीत काठीला पालवी फुटते ती झाडांच्या पूजेची खूण. तुमच्या चर्चने तरी आता त्याला कुठे मोठा मान ठेवलाय, हेही तिलाच ऐकवलं. पाहुणी ताटावर बसलेली, आणि हा माणूस तिचा देव सोलतोय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वसुदेवानेही पोर डोक्यावर घेऊन यमुना ओलांडली होती, त्याचं काय, असं विचारायला हवं होतं. तेवढं धाडस तेव्हा माझ्यात नव्हतं.

तिने घास संपवला. म्हणाली, “असेल हो भाऊ, कुत्र्याचं तोंड असेल. पण खांद्यावर कोण बसलंय ते त्याला ठाऊक नव्हतं. पोराला पलीकडे जायचं होतं, म्हणून नेलं त्यानं.”

हा काही युक्तिवाद झाला नाही, असं म्हणून ह्यांनी आणखी भात वाढून घेतला.

टेस्टच्या दिवशी ह्यांची मीटिंग होती. ती नेहमीच असायची. ड्यूटी संपवून, न झोपता शेजारीण माझ्याबरोबर टॅक्सीने आली आणि तीन तास बाकावर बसून राहिली. राउंडअबाउटपाशी मी घाबरून आत शिरलेच नाही, मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. शेजारी बसून टेस्ट घेणारी पोलीसबाई “खलास” म्हणाली आणि गाडी कडेला घ्यायला लावली. पदक पर्समध्येच होतं.

संध्याकाळी हे आल्यावर मी सांगितलं, नापास, आणि पुढची तारीख थेट पुढच्या महिन्यात. तेव्हा ह्यांचा चेहरा उजळला. लगेच त्यांनी तो सावरला, पण मी बघायचं ते बघितलं होतं.

“काय, आलं का तुमचं कुत्रं धावून?” ते म्हणाले.

बायकोची नोकरी बुडाली आणि हे खूश, कारण वाद जिंकले! इतकी विद्या पोटात घालून माणूस एवढासाच राहिला. त्या रात्री मी त्यांना जेवायला वाढलं, पण त्यांच्याबद्दलचं माझं मत तेव्हा जे झालं ते झालंच. क्लिनिकने दुसरी मुलगी घेतली.

सहाव्या टेस्टची तारीख मी ह्यांना कळूच दिली नाही. शेजारीण याही वेळी बाकावर बसली होती. पास झाले तेही घरी बोलले नाही; हे ऑफिसच्या बसने गेले की घरची गाडी काढायचे. पंधरा दिवसांनी लिफ्टमध्ये कुणीतरी ह्यांना सांगितलं की, तुमच्या मिसेस गाडी छान चालवतात हं.