माकडहाडाचा वचपा

माझ्या थोरल्या जाऊबाई बस चालवतात. उंचीनं बेताच्या, आवाजानं नाही. स्वभाव मोकळा, पण कुणी वाकड्यात शिरलं की डूख धरतात. त्यांच्या साखरपुड्यात एका मावसनणंदेनं ‘मुलगी जरा बुटकीच आहे’ असं पुटपुटलं होतं. तिला त्यांनी आजवर स्वतःच्या हातानं चहा दिलेला नाही. ती आली की ट्रे माझ्या हातात देतात आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसतात.

या बाईला आइस हॉकीचा नाद लागला तो थोरल्या दिरांमुळे. ते हौशी संघात खेळायचे. गुडघ्यानं दगा दिला तेव्हा त्यांनी खेळ सोडला आणि सगळं सामान बायकोच्या हवाली केलं. स्केट्स तेवढे जाऊबाईंनी मापाचे घेतले, बाकी सगळं नवऱ्याचं. दीर ताडमाड, त्यामुळे त्यांची ती जाड पॅडांची पँट जाऊबाईंना काखेपासून पोटरीपर्यंत यायची. नाडी आवळून आवळून त्या ती कशीबशी कमरेवर ठेवायच्या. खुब्यावरचं पॅड मांडीवर लोंबायचं आणि माकडहाडावरचं त्याच्या बरंच खाली. ‘पडत नाही ना? मग झालं,’ एवढंच दीर म्हणाले होते.

जाऊबाई उतरल्या त्या बायका-पुरुषांच्या हौशी लीगमध्ये अंगावर जायला मनाई असते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामावर जायचं असतं म्हणूनच हा नियम. पण समोरच्या संघात घरांचा एक दलाल होता. गोरागोमटा, सदा हसरा, पंचांचाही मित्र. एका सामन्यात जाऊबाईंनी त्याच्या दोन पायांतून पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, काढून नेला, आणि जरा वेळानं पुन्हा तसाच नेला. त्याच्याच बाकावरची माणसं खिदळली. तिसऱ्यांदा त्यानं मागून येऊन काठी आडवी धरली आणि त्यांच्या पाठीत रेटली. जाऊबाईंचे पाय पुढे गेले आणि त्या बर्फावर बसल्या त्या थेट माकडहाडावर. तिथं पॅड नव्हतंच.

दलालानं दोन्ही हात वर करून पंचांना सांगितलं, बाई घसरली. पंचांनी मान डोलावली. मग जाता जाता तो वाकून म्हणाला, “आता घरी बसायचं वय झालं तुमचं.”

आणि नेमकं बसताच येईना. हाडाला चीर गेली होती. जाऊबाई उभ्यानं जेवायच्या, पालथ्या झोपायच्या, पाहुणे आले की भिंतीला टेकून गप्पा मारायच्या. डॉक्टरांनी मधे भोक असलेली उशी दिली होती. ती पाहून दीर एकदा हसले, पुन्हा हसले नाहीत. बस चालवणं तर लांबच राहिलं, डेपोनं त्यांना बिनपगारी रजेवर धाडलं.

दुखण्यापेक्षा त्यांना तो हसरा चेहरा जास्त सलत होता. भाजी चिरताना, इस्त्री करताना त्या मला तोच प्रसंग पुन्हा सांगायच्या. दर वेळी शेवट वेगळा. कधी त्या उठून त्याच्या पायात काठी घालायच्या, कधी त्याला मैदानाच्या कडेच्या फळीवर असं दाबायच्या की पुढचे दात हिरड्यांतून हलायचे. मी हूं हूं करत राहायचे. आमचे हे म्हणायचे, “वहिनी, सोडून द्या आता.” त्यावर त्या सुरी आणखी जोरात चालवायच्या.

रिंकला, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानाला, लागूनच खेळाच्या सामानाचं दुकान आहे. तिथल्या मालकीणबाईंना काउंटरला दिवसभर उभं राहणारं माणूस हवं होतं. जाऊबाई म्हणाल्या, मला तरी कुठं बसता येतंय. तिथं लागल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते स्वतःसाठी पँट निवडायचं.

मालकीणबाईंनी ते मला नंतर हसत हसत सांगितलं. दुकानातली बायकांच्या मापाची एकूणएक पँट या बाईनं घालून पाहिली. नुसती घालून नाही. आधी नडगीची पॅड बांधली, स्केट्स चढवले, गुडघ्यात वाकून खेळायच्या पवित्र्यात उभी राहिली आणि मग सरळ मागच्या मागं रबरी चटईवर आपटून घेतलं. एकीत माकडहाड वाचलं, पण वाकल्यावर कंबर उघडी पडली. दुसरी इतकी ताठ की पाय फाकेना. तिसरी हलकी, सुंदर, पण खुब्यावर नुसता स्पंज. पडली की कळवळायची, उठायची आणि पुढची घालायची. शेवटी मालकीणबाईंनी विचारलं, “अहो, पण तुम्हाला नक्की कशासाठी हवी?”

“एका माणसाला आपटायचंय,” जाऊबाई म्हणाल्या. “आपटताना मीही पडेन. तेव्हा मला काही होता कामा नये.”

निवडली ती काळी, साधी. खुब्यावर आणि मांडीवर टणक प्लॅस्टिक, पाठीमागं जाड पॅड, कमरपट्टा बरोबर हाडांवर बसणारा, आणि खालची कड नडगीच्या पॅडावर बोटभर चढणारी, म्हणजे मधे उघडं काहीच नाही. घरी आणून त्यांनी ती दारामागं खुंटीला अडकवली. हाड सांधलं, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, बसचं कामही परत सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी मात्र त्या दुकानात जातच राहिल्या. का, ते मला ठाऊक होतं. कधीतरी तो गिऱ्हाईक म्हणून येईल याची त्या वाट पाहत होत्या.

हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर तो आला. पोट सुटलं होतं आणि जुनी पँट दोन पायांमधे उसवली होती. हेल्मेटशिवाय त्यानं जाऊबाईंना ओळखलंच नाही. एक चकचकीत, बारीक पॅडांची पँट उचलून तो आरशासमोर उभा राहिला आणि गप्पा मारू लागला. इतकी वर्षं खेळतोय, म्हणाला, पण कुणाला ओरखडासुद्धा काढला नाही. मागं एक बाई पडली होती बिचारी, पण ती आपलीआपण.

जाऊबाई संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या.

“हाताशी दोन मापं मोठी पँट होती,” त्या म्हणाल्या. “ऐसपैस आहे, आरामशीर वाटेल, एवढं म्हटलं असतं तरी त्यानं डोळे मिटून घेतली असती. माझ्यासारखाच आपटला असता.”

“मग?”

“मग काय, ठेवली परत. अगं, उद्या तो लोळला की म्हणणार, पँट वाईट होती. मला त्याच्या तोंडी कुठलीच सबब ठेवायची नाही. जे व्हायचं ते माझ्यामुळे होऊ दे.”

आणि त्यांनी त्याला खरोखर चांगली पँट दिली. चकचकीत होती ती काढायला लावली. नडगीची पॅड बांधायला लावून वाकवलं, बसवलं, उठवलं. माकडहाडावर पॅड येतंय की नाही ते मागून मुठीनं ठोकून पाहिलं. जरा जोरातच ठोकलं असावं. तो म्हणाला, इतकं आपुलकीनं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. जाऊबाई म्हणाल्या, “तुम्ही धडधाकट राहायला हवं.”

सामन्याला मी मुद्दाम गेले होते. दीर शेजारी बसले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, ते आपले शेंगदाणे खात होते. पहिले दोन डाव जाऊबाई अगदी गरीब गाईसारख्या खेळल्या. मला वाटलं, विरघळल्या. तिसऱ्या डावात पक कोपऱ्यात गेला, दलाल त्याच्या मागं गेला आणि त्यानं मान खाली घातली. जाऊबाई रिंकच्या मध्यापासून निघाल्या. त्यांनी काठी एका हातात घेतली, गुडघे वाकवले आणि सगळा खुबा त्याच्या मांडीच्या वरच्या अंगाला घातला. एवढा मोठा माणूस, पण पाय वर गेले आणि तो असा बसला की आवाज वरच्या रांगेपर्यंत आला. जाऊबाईही पडल्या, पण तो भानावर यायच्या आत उठून त्याच्या डोक्याशी उभ्या राहिल्या.

“ओळखलंत? मी ती बाई. आपलीआपण पडलेली.”

पंचांची शिट्टी वाजतच होती. दलाल त्यांच्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. मग त्यानं कमरेमागं हात फिरवला, उठला आणि चालू लागला. काही म्हणजे काही झालं नव्हतं.

जाऊबाईंना उरलेल्या हंगामाला बंदी झाली. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. पण तो इतक्या सहज उठला याचा त्यांना भयंकर राग आला. कितीतरी दिवस आमच्या घरात भांडी आदळत होती. “चांगली पँट दिली मी त्याला,” त्या स्वतःवरच चिडून म्हणायच्या, “फारच चांगली दिली.” मी समजूत काढायला गेले, तर मलाच म्हणाल्या, तू गप्प बस, तुझं हाड मोडलेलं नाही.

तो दुकानात माफी मागायला आला. हातात फुलं होती. जाऊबाईंनी माफी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “ऐकलं. आता या तुम्ही.” फुलं त्यांनी मालकीणबाईंना दिली.

पुढच्या हंगामात गंमत झाली. जाऊबाई बर्फावर उतरल्या की तो कोपऱ्यात जायचाच बंद झाला. पक आला की लगेच दुसऱ्याकडे ढकलायचा आणि मान वळवून मागं बघायचा. बाकावरून उतरतानासुद्धा आधी त्या कुठं आहेत ते पाहायचा. त्याच्याच संघातली पोरं त्याला हसायला लागली. जाऊबाई त्याच्या अंगाला बोटही लावत नव्हत्या. नुसत्या जवळून जायच्या, आणि जाताना काठीनं बर्फावर टक्‌ करायच्या.

“हाड काय, सांधतं,” त्या मला म्हणाल्या. त्या वेळी त्या सोफ्यावर, उशीशिवाय, ऐसपैस बसल्या होत्या आणि बऱ्याच दिवसांनी खूश दिसत होत्या.

शेवटी तो वैतागला असावा. शहराच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक रिंक आहे, तिथल्या लीगमध्ये त्यानं नाव घातलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. आमच्या ह्यांनी तर ‘वहिनी जिंकल्या’ म्हणून आइस्क्रीमही आणलं. जाऊबाईंनी ते चवीनं खाल्लं, वाटी विसळून ठेवली आणि डेपोत फोन लावला. त्या टोकाला जाणाऱ्या बसवर ड्रायव्हरची जागा रिकामी आहे का, ते त्यांना विचारायचं होतं.

होती. आता त्यांची पाळी त्या रिंकच्या थांब्यावर संपते, आणि तिथल्या महिला-पुरुष मिश्र लीगमध्ये त्यांना बचावफळीत जागाही मिळाली आहे. पहिला सामना कुणाशी आहे, ते मी विचारलं नाही.