जाहेदा बांगडीवालीची बोटं

गोरेगावच्या बाजारात जाहेदा बांगड्या भरते. नुसता हात बघून ती माप सांगत नाही. तळहाताची हाडं चोळते, अंगठा आत दाबते, मग बांगडी काढते. या बोटांवर तिचं घर चालतं. मागच्या वर्षी एक बाई किंचाळली, "काहून एवढी दाबतीस? हाड मोडून राहिलीस माजं!" आपण किती जोर लावला, हे जाहेदाला कळलंच नव्हतं. बोटं बधिर. हात चोळूनच झालं असेल म्हणून तिने महिने घालवले. शेवटी दवाखान्यात कळलं, कुष्ठरोग.

गोळ्या सुरू झाल्या आणि तिच्या कोपराजवळची नस सुजली, करंगळी वाकली. जाहेदाने गोळ्याच सोडल्या. मी शेजारीण, जन्मभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलेली. ऐकून घेते थोडीच!

"बाई, गोळ्यांनीच हात खाल्ला माजा."

"गप! या जंतूच्या अंगावर साखर आणि चरबीचं मेणचट कवच असतं. आपल्या राखणदार पेशी त्याला गिळतात, पण त्या कवचाने गुंगतात, मारत नाहीत. गोळ्यांनी जंतू मेला की कवचाचे तुकडे सांडतात."

"फुटल्या बांगडीवानी?"

"बराबर. मग पेशी खडबडून जाग्या होतात आणि आंधळा मार देतात. जंतू नसेच्या आत लपलेला, म्हणून मार बसतो त्या नसेला."

"म्हंजे माजेच शिपाई मला मारून राहिले? आवरा की त्यांना!"

"त्याचीही गोळी असते. ऊठ."

डॉक्टरांनी सूज उतरवणारं औषध दिलं, जुन्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या, बोटांना व्यायाम सांगितला. जाहेदाने तो आपल्या पद्धतीने केला: नवऱ्याला समोर बसवून त्याच्या रांगड्या हातात बांगड्या भरायच्या. अय्याज बिचारा ओरखडे सोसायचा. "बाई, बाजारात सांगू नका," म्हणायचा. मी सगळ्यांना सांगितलं.

यंदा आमच्या गल्लीतल्या शिवकन्येचं लग्न निघालं. लग्नाचा चुडा भरताना बांगडी फुटली, तर आमच्याकडे बायका त्या बांगडीवालीला पुन्हा बोलवत नाहीत. नवरीची मावशी चंदाबाई कुजबुजली, "हिच्याकडून काहून? रोग लागंल पोरीला."

"गोळ्या चालू असल्या की लागत नाही," मी सुनावलं.

शिवकन्येने सरळ हात पुढे केला. "भर गं, चाची."

पोरीचा हात भलताच कडक. जाहेदाने डोळे मिटले, अंगठा आत दाबला. हिरव्या बांगड्या एकेक करून मनगटावर गेल्या.

"दुखलं तर सांगते," शिवकन्या म्हणाली.

"कशाला सांगतीस? मला कळून राहिलं," जाहेदा म्हणाली. "चंदाबाई, जरा सरका. उजेड अडला."