जेवत्या हाताकडचा कान

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलालाही नाही — आणि मुलगा तर आता माझ्याच खुर्चीत बसून माझेच पेशंट बघतो. ज्यांना सांगायला हवं होतं ते दोघंही आता हयात नाहीत. म्हणजे सांगण्यात धोका असा काही उरलेला नाही. तेव्हा कृपा करून याला धाडस म्हणू नका. धाडस या शब्दाचा माझ्या बाबतीत एकदा भलताच गैरसमज झालेला आहे, आणि त्याच्यावर मी आयुष्यभर जेवलो.

मी कानाचा डॉक्टर. डोंबिवलीत सुरुवात केली, पुढे ठाण्यात काचेच्या दाराचा, एसी लावलेला दवाखाना झाला. लोक म्हणतात, डॉक्टर फार शांतपणे ऐकून घेतात. हे ऐकलं की मी नम्रपणे मान खाली घालतो. नम्रपणा कसला — पण थांबा, जरा वळसा घालून जाऊ द्या. सरळ सांगायची सवय असती तर हे लिहायची वेळच आली नसती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आमच्या नर्सिंग होमच्या खाली फरसाणाचं दुकान होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये स्पिरिटच्या वासात गाठ्यांचा वास मिसळायचा, आणि गुंगीत असलेला पेशंटसुद्धा मध्येच चहा मागायचा. मी नवा होतो. कानातला मळ काढणे, लहान मुलांच्या नाकातले शेंगदाणे काढणे, ही माझी कीर्ती. मोठं ऑपरेशन आलं की ठाण्याहून सर यायचे. सर म्हणजे माझे गुरू, जिल्हाभर नाव असलेले. त्यांचा हात असा चालायचा की आम्ही शिकणारे श्वास रोखून बघायचो. त्यांना आता मागे कोणाला तरी सोपवायचं होतं, आणि उमेदवार दोन होते — मी आणि कल्याणचा एक. तो माझ्यापेक्षा हुशार होता, आणि वाईट म्हणजे स्वभावानेही बरा होता.

अशात चांगुणाबाई आल्या. खाडीकाठच्या गावातली कोळीण, डोंबिवलीच्या बाजारात मासे विकायची. वय चाळिशीचं, नाकात मोठी नथ, आणि आवाज मात्र एवढासा. सगळ्या बाजारात हळू बोलणारी ती एकटीच कोळीण. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय गरीब स्वभावाची बाई आहे! तसं काही नव्हतं. तो आजार होता. कानाच्या आत तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असं एक हाड असतं. ते हललं की आवाज आत पोचतो. काही माणसांत ते हाड घट्ट बसतं, जाम होतं. मग बाहेरचं ऐकू येत नाही, पण स्वतःचा आवाज स्वतःला मोठा वाटतो. म्हणून माणूस हळू बोलायला लागतो. चांगुणाबाई आपल्या मते भांडत असायच्या, आणि लोकांना वाटायचं लाडात येऊन बोलतायत.

ऑपरेशनमध्ये ते हाड काढून तिथे टेफ्लॉनची एक बारीकशी दांडी बसवायची. नाजूक काम. नीट बसलं तर टेबलावरच ऐकू येतं, बिघडलं तर तो कान कायमचा जाऊ शकतो. म्हणून आमच्यात पहिला नियम हा, की दोन्ही कान आजारी असले तर आधी जास्त वाईट असलेला कान घ्यायचा. चांगल्याला हात लावायचा नाही. हा नियम सर आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की तो आम्हाला झोपेतही पाठ होता.

सर म्हणाले, "हे तू करायचंस. मी नुसता बसतो." झालं! कल्याणवाल्याच्या आधी मला! त्या आनंदात मी ऑपरेशनच्या सकाळी, ठाण्याहून करून आणलेला तपासणीचा आलेख काढून बघायचाही कंटाळा केला. सरळ चांगुणाबाईंनाच कानाशी वाकून विचारलं, "मावशी, जास्त वाईट कान कुठचा?"

"जेवाचे हाताकरचा," त्या म्हणाल्या.

जेवायचा हात म्हणजे उजवा. यात काय विचारायचं? आमच्या घरात — नोकरीपेशातली, शिकलेली माणसं आम्ही — माझी एक चुलत बहीण डावखुरी होती. तिला डाव्या हाताने घास घेतला की पाटावरच रट्टा मिळायचा. लिही डाव्या हाताने, झाडू मार डाव्या हाताने, पण जेवायचं उजव्याच. मला वाटायचं साऱ्या जगात असाच रट्टा मिळतो. चांगुणाबाईंना कोणी मारलं नव्हतं. त्या डाव्या हाताने कोयता चालवायच्या, डाव्या हाताने भात कालवायच्या, आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मी उजव्या कानावर खूण केली.

या ऑपरेशनला पेशंट जागा असतो. फक्त कानापुरती भूल देऊन तो बधिर करायचा. उजवा कान वर, डावा उशीत, अंगावर हिरवी चादर. सर कोपऱ्यात स्टुलावर. मी केलं ऑपरेशन. आणि काय सांगू — सुंदर झालं! माझ्या उभ्या आयुष्यात तितकं चांगलं पुन्हा झालं नसेल. दांडी बसली, सर उठून जवळ आले, म्हणाले, "विचार काहीतरी. अगदी हळू."

मी कुजबुजलो, "मावशी, पापलेट आहे का ताजं?"

"आज कुठलं पापलेट? मी इकरं परलेली हाय ना!"

नर्स हसली, सर हसले. सर सहसा हसायचे नाहीत. मग चांगुणाबाईंना उठवून बसवलं. त्यांनी पट्टीला हात लावून पाहिला आणि खणखणीत आवाजात — आता स्वतःचा आवाज स्वतःला कमी वाटायला लागला होता ना! — म्हणाल्या, "पन डाक्टर, माझा वाईट कान त्यो दुसरा!"

थिएटरमध्ये फक्त खालच्या कढईचा आवाज राहिला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत त्या?"

आणि मी म्हणालो, "हो सर. मुद्दाम. चांगला कान आधी घेतला."

हे कुठून सुचलं, देव जाणे. एकदा तोंडातून गेल्यावर मग मागे वळता येईना. सुधारला तर बाईला लगेच कामावर जाता येईल, बाजारात कान लगेच हवा, वगैरे वगैरे. सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "धाडस आहे रे तुझ्यात." आणि चष्मा पुसला.

पुढचं सगळं त्या चष्मा पुसण्यातून आलं. सरांनी ठाण्यात डॉक्टरांच्या सभेत मला बोलायला उभं केलं. वाद झाला. वाद झाला म्हणजे नाव झालं. "उलटी पद्धत" असं लोक म्हणू लागले, आणि मीही हरभऱ्याच्या झाडावर छान चढून बसलो. फक्त एकदा पाचावर धारण बसली. कल्याणवाला भेटून म्हणाला, "मीही पुढच्या पेशंटला चांगलाच कान आधी घेतो." आता? त्याने घेतला, बिघडला, आणि ते माणूस ठार बहिरं झालं तर? खरं सांगायची ही केवढी सोपी वेळ होती! मी काय केलं? मी अटी घालायला सुरुवात केली. पेशंटला सर्दीचा इतिहास नको. वजन जास्त नको. स्वभाव तापट नको. कानाची पाळी अशी हवी, हनुवटी तशी हवी. शेवटी अशी परिस्थिती आली की माझ्या पद्धतीला योग्य माणूस पृथ्वीवर चांगुणाबाईंशिवाय उरला नाही. तो बिचारा नाद सोडून गेला. मी स्वतःही ती पद्धत पुन्हा कधी वापरली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचो, तसा पेशंट मिळत नाही.

आणि चांगुणाबाई?

बाजारात त्यांची जागा दारालगत होती, सासूकडून आलेली, सगळ्यात चांगली. गिऱ्हाईक आत शिरायचं ते त्यांच्या डाव्या बाजूने. उजवीकडे खांब, आणि खांबापलीकडे बारकूबाई नावाची शेजारीण. आता झालं असं, की डाव्या बाजूचं गिऱ्हाईक पूर्वीसारखंच ओरडून थकायचं, आणि उजव्या कानाला मात्र बारकूबाई दिवसभर काय काय बोलते ते स्वच्छ ऐकू यायला लागलं. ती कोणाबद्दल बोलत होती ते सांगायला नको. पहिल्याच आठवड्यात असं भांडण झालं की शेजारची भाजीवालीही पाट्या उचलून पळाली. सगळ्या बाजाराने चांगुणाबाईंचा खरा आवाज तेव्हा प्रथम ऐकला.

शेवटी त्यांनी जागा बदलली. आत, गटाराकडच्या टोकाला, जिथे गिऱ्हाईक उजवीकडून येतं. दारातली जागा बारकूबाईला गेली. तिकडे आत येतंय कोण? बाजारात शिरलेला माणूस दारातच पिशवी भरतो. मला त्या एवढंच म्हणाल्या, "कान नाय हालला, म्हनून जागा हालवली." हसत म्हणाल्या. मीही हसलो. हसलो मी!

त्या दरवर्षी विचारायच्या, "डाक्टर, त्यो दुसरा कान कवा कराचा?" मी म्हणायचो, बघू. पावसाळा जाऊ दे. नारळी पौर्णिमा होऊ दे. आता शिमगा आला. खरं कारण वेगळं होतं. दुसरा कान करायचा म्हणजे कागद उघडायचे, सरांना सांगायचं, कोणीतरी पहिल्या कानाबद्दल पुन्हा विचारणार. आणि तो बिघडला तर माझी दंतकथाच बसली खाली. बघू, बघू करता करता नव्वदचं दशक उजाडलं. मग एकदा तपासला, तर आतली नसच क्षीण झाली होती. आता दांडी बसवून उपयोग नव्हता. मी त्यांना सांगितलं, "मावशी, आता वेळ गेली." त्या म्हणाल्या, "गेली तर गेली. तुमी तरी काय करनार?"

तरी अर्धं गाव त्यांनी माझ्याकडे पाठवलं. "माझा डाक्टर" म्हणायच्या. येताना कागदात बांधून बोंबील, कधी रावस. आमच्या घरात मासे शिजत नाहीत. मी ते घ्यायचो आणि कंपाउंडरला द्यायचो. माझ्या पापाची फळं कंपाउंडरने खाल्ली. त्याचं पोट सुटलं ते त्यामुळे.

इथपर्यंतचं मी स्वतःला कित्येकदा सांगितलंय, आणि दर वेळी दोष त्या शब्दावर ढकललाय. जेवता हात! मी बिचारा काय करणार? चूक झाली, शब्दाची झाली, माणसाकडून होते. नंतर खोटं बोललो, तेही घाबरून. इतकं असतं तर, खरं सांगतो, मी हे लिहिलंच नसतं.

पण ऑपरेशनआधी, कान बधिर करून झाला होता आणि अजून पातं लावलेलं नव्हतं, तेव्हा चादरीखालून एक हात बाहेर आला. डावा. नर्सने तो हळूच आत घातला. आणि त्या हळू आवाजात — सर स्टुलावर होते, त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं, माझा कान बाईंच्या तोंडाशी होता म्हणून मला — चांगुणाबाई म्हणाल्या, "यो नाय, डाक्टर. त्यो. त्यो पलीकरचा."

थांबलो असतो तर काय झालं असतं? कान थोडा वेळ बधिर राहिला असता. सर दोन शब्द बोलले असते. ऑपरेशन कदाचित कल्याणवाल्याला गेलं असतं. बस. आणि मी काय पणाला लावलं? त्या बाईचा जो एक कान अजून थोडाफार चालत होता, तो. बिघडला असता तर ती कायमची बहिरी झाली असती, एका स्टुलावरच्या माणसासमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून. मला ऐकू आलं होतं. स्वच्छ ऐकू आलं. मी म्हणालो, "हलू नका मावशी," आणि पातं हातात घेतलं.

ठाण्याचा दवाखाना झाला तेव्हा सरांच्या हस्ते माझा सत्कार ठेवला होता. कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, की त्या प्रसिद्ध पेशंटलाही बोलवू. चांगुणाबाई नवी साडी नेसून आल्या. त्यांच्या हातात माइक दिला. त्यांनी माइककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "या डाक्टरला सगलं आयकू येतं." टाळ्या झाल्या. सरांनी सगळ्यात जास्त वाजवल्या. त्या साध्या मनाने बोलल्या की कसं, हे मला कधीच कळलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

कार्यक्रमानंतर त्या खुर्चीत चहाची वाट बघत बसल्या होत्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. मी जाऊन बसलो. त्यांच्या डाव्या बाजूला. दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या हो, मी डावीकडची घेतली. आणि समोर बघत, अगदी हळू म्हणालो, "चांगुणाबाई, तुम्ही सांगितलेलं मला ऐकू आलं होतं."

त्यांना माझे ओठ हललेले तेवढे दिसले असावेत. त्यांनी वळून चांगला कान माझ्याकडे केला. "काय बोल्लाव, डाक्टर?"

"काही नाही," मी म्हणालो. "चहा येतोय, म्हटलं."